पस्तिशी ओलांडलेली ‘एम्प्रेस’ : मुंबई–गोवा क्रूझचे परीक्षण

केवळ गोव्याला पोहोचण्यासाठी क्रूझचे तिकीट कोणी काढत नाही. वंदे भारत एक्स्प्रेस मुंबईहून आठ तासांच्या आसपास मडगावला नेऊन सोडते, विमानाला तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, आणि जहाज मात्र संध्याकाळी धक्का सोडते ते दुसऱ्या दिवशी मुरगावला लागते. सव्वादोनशेच्या आसपास सागरी मैलांचे हे अंतर मुद्दामच सावकाश कापले जाते, कारण प्रवाशाने जहाजावर राहावे, खावे-प्यावे आणि खेळ पाहावेत हाच या सफरीचा हेतू असतो. त्यामुळे कॉर्डेलिया क्रूझेसच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाची पारख करताना ‘गोवा कसा वाटला’ हा प्रश्न बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहाव्या लागतात : राहण्याची जागा म्हणून हे जहाज कसे आहे, आणि त्यावर राहताना समुद्र कितीसा वाट्याला येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी चांगले आहे. दुसऱ्याचे उत्तर प्रवाशाने स्वतः किती खटपट केली यावर अवलंबून आहे.

या जहाजाचा जन्म १९९० सालचा, फ्रान्समधल्या सँ-नाझेर येथील गोदीतला. रॉयल कॅरिबियन कंपनीने ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने समुद्रात आणले, २००४ मध्ये त्याचे ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ असे नामांतर झाले, पुढे २००८ पासून काही वर्षे ते पुलमंतुर या स्पॅनिश कंपनीकडे होते, २०१६ मध्ये पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे आले आणि करोनाच्या काळात विकले गेले. सप्टेंबर २०२१ पासून ते कॉर्डेलियाच्या नावाखाली मुंबईहून फिरू लागले. या वंशावळीतली एक गोष्ट परीक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. आठवडा-दोन आठवड्यांच्या लांब सफरींसाठी हे जहाज मुळात बांधलेच नव्हते. मायामीहून बहामा बेटांकडे जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सहली डोळ्यांसमोर ठेवून त्याची आखणी झाली होती. खोल्या लहान आणि एकत्र जमण्याच्या जागा ऐसपैस, मधोमध अनेक मजले उंच असा काचेच्या लिफ्टचा चौक, आणि माणसाने खोलीत फक्त झोपायला जावे अशी एकूण रचना. मुंबईकरांची शनिवार-रविवारची सुट्टी आणि हा जुना हिशेब एकमेकांशी नेमके जुळतात, आणि या जहाजाची जी काही गोडी आहे ती त्या जुळण्यात आहे.

आकाराविषयी मात्र जाहिरातीतली छायाचित्रे पाहून कल्पना करू नये. एम्प्रेसची लांबी २११ मीटर असून तिचे सकल टनेज ४८,५६३ आहे. हे टनेज म्हणजे जहाजाचे वजन नव्हे, ते आतल्या बंदिस्त जागेचे माप असते. म्हणूनच एकूण टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागले की दर माणशी किती जागा येते याचा अंदाज बांधता येतो, आणि दोन जहाजांची तुलना करायला याच्याइतका सोपा हिशेब दुसरा नाही. एका खोलीत दोन माणसे धरली तर एम्प्रेसवर सुमारे १,६०० प्रवासी मावतात, म्हणजे दर माणशी तीसच्या आसपास आकडा येतो. २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या राक्षसी जहाजासाठी, दोनाच्याच हिशेबाने, हा आकडा चव्वेचाळीसच्या घरात जातो. शिवाय आपल्याकडे एका खोलीत आई-वडील आणि दोन मुले असे चौघेही राहतात, तेव्हा सुट्टीच्या दिवसांत प्रत्यक्ष गर्दी याहून जास्त धरूनच चालावे. जिथे दाटी जाणवते तिथे कारण व्यवस्थेत शोधण्याआधी या भागाकारात शोधावे, असे माझे मत आहे.

खोल्यांचे सरळ सांगायचे तर आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास असते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे स्पष्टीकरण नको. पण जहाज बांधणारे लोक जागा वापरण्यात आपल्या चाळकऱ्यांइतकेच तरबेज असतात : पलंगाखाली बॅगा सरकतात, भिंतीतून घडीची बर्थ खाली येते, आरशामागे कप्पे निघतात, आणि स्नानगृहात दोन पावलांत सगळे हाताशी येते. शौचालयात पाण्याचा फवारा मोठा नसतो, हवेच्या ओढीने सगळे नेले जाते, त्यामुळे बटण दाबताच जो दणदणीत आवाज होतो त्याने पहिल्या रात्री लहान मुले दचकतात. आतल्या खोलीत दिवा मालवला की खरोखर काळोख होतो. सकाळ झाल्याचे घड्याळच सांगते. काहींना ही झोप स्वर्गीय वाटते आणि काहींचा जीव घुसमटतो, तेव्हा आपण कोणत्या जातीचे आहोत हे पैसे भरण्याआधी ठरवावे. खिडकीच्या खोलीसाठी द्यावी लागणारी जास्तीची रक्कम मला सार्थ वाटली. बाल्कनीच्या खोल्या या जहाजावर फारच थोड्या आहेत, कारण १९९० साली प्रत्येक खोलीला सज्जा असण्याची पद्धतच पडलेली नव्हती.

जहाजावर चढण्याचा अनुभव मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलमुळे पार बदलला आहे. बॅलार्ड पिअरवरची ही इमारत एप्रिल २०२५ पासून वापरात आली, तिचे क्षेत्रफळ चार लाख चौरस फुटांहून अधिक आहे आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याच्या हिशेबाने ती बांधलेली आहे. विमानतळावर होते तशीच तपासणी येथे होते : ओळखपत्र, सामानाची क्ष-किरण तपासणी, छायाचित्र आणि मग हातात पडणारे कार्ड. हे कार्डच पुढे खोलीची किल्ली, ओळख आणि पैशाचे पाकीट अशा तिन्ही भूमिका बजावते. मोठ्या बॅगेला खोली क्रमांकाची चिठ्ठी लावून ती आधीच द्यावी लागते आणि ती खोलीच्या दाराशी यायला काही तास लागू शकतात, म्हणून औषधे, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. बाहेरचे खाणे व पेये नेता येत नाहीत. लाडू-चिवड्याचे डबे घेऊन निघणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट दारातच कळते आणि तिथे जो संवाद घडतो तो ऐकण्यासारखा असतो.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या ठिकाणी जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे हे पाहायचे, आपली जीवरक्षक नौका कोणती ते लक्षात ठेवायचे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे दगावली, तेव्हा अनेक प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. त्यानंतर ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आला. आपल्या किनाऱ्याला तर १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ बोट विसरता येण्यासारखी नाही. भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेल्या त्या बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसे बुडाली. तरीही कवायतीच्या वेळी मोबाइल उंच धरून स्वतःचे चित्रीकरण करणारे आणि कर्मचाऱ्याला ‘किती वेळ लागेल अजून?’ असे विचारणारे प्रवासी असतात, आणि त्यांच्या पंक्तीला शांतपणे उभे राहून सातव्यांदा तीच गाठ बांधून दाखवणाऱ्या त्या कर्मचाऱ्याचे मला मनापासून कौतुक वाटले.

या सफरीतला सर्वांत मोलाचा वेळ कोणता, असे मला विचाराल तर धक्का सोडल्यापासून अंधार पडेपर्यंतचा. त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी अर्धे जहाज चहा आणि भज्यांच्या रांगेत असते. जाड दोर सुटतात, टग बोट जहाजाला कुशीवर घेऊन धक्क्यापासून हळूहळू ओढते, आणि रोजच्या पाहण्यातली मुंबई उलट्या बाजूने दिसू लागते. उजव्या हाताला नौदलाच्या करड्या नौका, मग गेटवे आणि ताज, पुढे कुलाब्याचे टोक आणि त्याच्याही पुढे समुद्रात एकटे उभे असलेले प्राँग्सचे दीपगृह. बंदराच्या तोंडाशी आले की एक प्रसंग अवश्य पाहावा. बंदरातून वाट दाखवणारा पायलट जहाजाच्या बाजूने सोडलेल्या दोरीच्या शिडीवरून खाली उतरतो. खाली त्याची छोटी नाव लाटांवर वरखाली होत असते, तो शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबून नाव वर येण्याची वाट पाहतो आणि ती वर येताच एक पाय टाकून तिच्यात जातो. रंगमंचावरच्या कोणत्याही कसरतीपेक्षा हे मला थरारक वाटले. कठड्याशी आम्ही मोजकी माणसे होतो.

त्यानंतर डाव्या हाताला अलिबागचा किनारा आणि खांदेरी-उंदेरी धूसर होत जातात आणि कोकण अंधारात शिरते. मुरूड-जंजिरा, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही सगळी नावे नकाशावर याच वाटेवर आहेत, पण वेळापत्रकच असे असते की हा पट्टा रात्री आणि किनाऱ्यापासून बराच दूरून पार होतो. मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरचे दिवे आणि दूरवर एखाद्या दीपगृहाची उघडझाप, इतकेच हाती लागते. आमच्याबरोबर पंचाहत्तरी ओलांडलेल्या आत्या होत्या. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. ‘रोहिणी’ आणि ‘कोकणसेवक’ या आगबोटींतून त्यांनी लहानपणी प्रवास केलेला. आगबोट प्रत्येक बंदराबाहेर थांबायची, पडाव, म्हणजे किनाऱ्यावरच्या होड्या, येऊन भिडायचे, कोंबड्या-करंड्यांसकट माणसे चढायची-उतरायची, आणि ओरडण्यावरूनच कोणते बंदर लागले ते कळायचे. गालिचा घातलेल्या मार्गिकेत उभ्या राहून आत्या म्हणाल्या, “सगळं चकाचक आहे हो, पण मधे एकसुद्धा बंदर लागलं नाही, तर आलो कुठवर ते कळायचं कसं?” त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. जहाजावरच्या कार्यक्रमात कोकणच्या किनाऱ्यावरचे किल्ले, दीपगृहे आणि जुन्या आगबोटींवर तासाभराचे एखादे सचित्र कथन ठेवले, तर या मार्गाला जगातल्या इतर क्रूझ मार्गांपासून वेगळी ओळख मिळेल आणि त्याला खर्चही फारसा येणार नाही. तूर्त ज्यांना रस आहे त्यांनी किनाऱ्याचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा. जाताना किनारा डावीकडे आणि परतताना उजवीकडे असतो, हेही लक्षात ठेवावे.

जेवण हा भारतीय प्रवाशांच्या दृष्टीने क्रूझचा कणाच, आणि तिथे एम्प्रेसने आपल्या गिऱ्हाइकाला नीट ओळखले आहे. परदेशी जहाजांवर शाकाहारी माणसाला जे कोशिंबिरी आणि उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढावे लागतात तसे येथे घडत नाही. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय हा या जहाजावर मुख्य विचाराचा भाग आहे. ‘स्टारलाइट’ या मोठ्या भोजनगृहात आणि वरच्या फूड कोर्टमध्ये जेवण तिकिटातच धरलेले असते. नाश्त्याला इडली, डोसा, पोहे यांच्या शेजारीच अंडी आणि पाव असतो, आणि गरम डोसा घालणाऱ्याभोवती जी गर्दी जमते ती पाहून कोणाही मुंबईकराला घरच्यासारखे वाटावे. दुपारच्या जेवणाला पंजाबी थाटाची ग्रेव्ही जास्त आणि आपल्या बाजूचे पदार्थ कमी, ही भारतातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या हॉटेलची रीत येथेही आहे. कोकण किनाऱ्यावरून जाताना ताटात सोलकढी असावी ही माझी अपेक्षा भाबडी असेल, पण ती आहे. एक व्यावहारिक सूचना करतो : भोजनगृह उघडताच धावू नये, अर्ध्या-पाऊण तासाने जावे. पदार्थ संपत नाहीत, रांग मात्र संपते.

करमणुकीविषयी थोडक्यात. ‘मार्की’ नाट्यगृहातले नाच-गाण्यांचे खेळ हिंदी चित्रपटसंगीतावर आधारलेले, वेशभूषा झगमगीत, कसरत करणारे कलाकार तयारीचे. नाट्यगृहात उशिरा गेल्यास खांबाआडची जागा मिळते, एवढे सांगितले की पुरे. पोहण्याचा तलाव लहान आहे आणि त्याच्या भोवती संगीत मोठे आहे. चढाईची भिंत, मुलांसाठी वेगळा कक्ष, कॅसिनो, मद्यगृहे हे सगळे आहे. मुलांचे पाय ओढून त्यांना खोलीत न्यावे लागते यावरून त्यांचे मत समजून घ्यावे. सेवेबद्दल मात्र आवर्जून लिहायला हवे. खोली साफ करणारा कर्मचारी आत्यांना दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारत होता, आणि त्यांना उशी उंच लागते हे त्याने न सांगता हेरले होते. वृद्ध माणसांसाठी लिफ्ट भरपूर आहेत, पण मार्गिका लांब आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांसाठी खोली लिफ्टजवळची मागून घ्यावी.

‘बोट लागेल का?’ हा प्रश्न घरी सगळ्यात आधी निघतो. ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत अरबी समुद्र बहुतेक शांत असतो आणि एवढ्या मोठ्या जहाजावर डुलणे फारसे जाणवत नाही. ज्यांना घाटातल्या एसटीतही मळमळते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर खोली घ्यावी, कारण झोके तिथे सर्वांत कमी बसतात. वरची, टोकाची खोली महाग असली तरी पोटाला स्वस्त पडत नाही. त्रास सुरू झाल्यावर औषध घेऊन फारसा उपयोग होत नाही, ते डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावे लागते. पावसाळ्यात खवळलेल्या या किनाऱ्यावर क्रूझ चालवणे शहाणपणाचे नाही, आणि म्हणूनच २०२३ च्या पावसाळ्यात हेच जहाज चेन्नईहून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कांकेसंतुराई या बंदरांकडे जात होते.

खर्चाचा भाग किचकट आहे, आणि तो जगभरातल्या सगळ्याच क्रूझवर तसा असतो. ठळक अक्षरांत दिसणारा दर हा दोघांनी एक खोली वाटून घेतल्यास एका माणसाचा असतो. त्यावर बंदर शुल्क, कर्मचाऱ्यांसाठीची ठरीव बक्षिसी आणि वस्तू व सेवा कर चढतो. जहाजावर मद्य, स्पा, इंटरनेट आणि गोव्यातली फेरी यांचे पैसे वेगळे. आम्ही ज्या मध्यस्थामार्फत नोंदणी केली त्याने फोनवर सांगितलेला आकडा आणि पावतीवरचा आकडा यांत एवढी तफावत निघाली, की त्या पैशांत घरातल्या आणखी एका माणसाचे गोव्याचे रेल्वे तिकीट जाऊन-येऊन निघाले असते. विचारल्यावर ‘ते टॅक्स असतात साहेब’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून कोणाकडूनही नोंदणी करा, पण ‘सगळे धरून चौघांचे किती?’ असा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एकटा प्रवासी असल्यास खोलीचे जवळजवळ पूर्ण भाडे अंगावर येते, हेही आधी समजून घ्यावे.

गोव्याचा थांबा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कळंगुट आणि बागा येतात, आणि तिथेच घोटाळा होतो. जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात लागते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर आणि उत्तर गोव्याचे किनारे त्याच्याही पुढे. जाऊन-येऊन रस्त्यात निघून गेलेला वेळ वजा केला की वाळूत पाय टेकवण्यापुरताच अवधी उरतो आणि परतीच्या वेळेची धाकधूक वेगळी, कारण उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. त्यापेक्षा जवळच बोगमाळोचा लहानसा किनारा आणि त्या रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय पाहावे. जुनी लढाऊ विमाने उघड्यावर इतक्या जवळून पाहायला मिळतात की शाळकरी मुले तिथून हलत नाहीत. आणि ज्यांनी गोवा दहादा पाहिला आहे त्यांनी खाली उतरूच नये. सगळे गोव्यात गेलेले असताना जहाज रिकामे असते, तलाव मोकळा असतो आणि बंदरात खनिज व कोळसा हाताळणाऱ्या अजस्र यंत्रांचे काम वरच्या डेकवरून निवांत पाहता येते.

लहान मुले आणि आजी-आजोबा अशा तीन पिढ्या एकत्र नेणाऱ्या कुटुंबाला मी ही सफर सुचवेन, कारण प्रत्येकाला आपापल्या वेगाने दिवस घालवता येतो आणि जेवायला मात्र सगळे एका टेबलाशी येतात. मधुचंद्रासाठी एकांत शोधणाऱ्या जोडप्याला सुचवणार नाही. खोलीच्या सज्ज्यात बसून समुद्र पाहण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी थोडे थांबावे : कॉर्डेलियाने नॉर्वेजियन कंपनीची ‘स्काय’ आणि ‘सन’ ही दोन जहाजे २०२६ आणि २०२७ मध्ये भाडेकराराने घेण्याचे जाहीर केले आहे. ती १९९९ आणि २००१ सालची, म्हणजे एम्प्रेसहून दशकभर लहान, आकाराने दीडपटीहून मोठी आणि बाल्कनीच्या खोल्या पुष्कळ जास्त असलेली आहेत. एम्प्रेसवरच जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आठवड्याच्या मधला दिवस निवडावा, जाताना डाव्या अंगाची, मधल्या भागातली खिडकीची खोली मागावी, आणि जहाज सुटायच्या वेळी चहाचा पेला हातात घेऊन सरळ वरच्या डेकवर जावे. भजी नंतरही मिळतात.